गोळीबरोबर तिचा कागद

(हुतात्मा भाई कोतवाल आणि हुतात्मा हिराजी पाटील यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत, ठाकुरवाडी, ता. कर्जत येथे दिलेलं व्याख्यान)



भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या रानात कसे हुतात्मा झाले, हे इथे कुणाला सांगायला नको. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी ते आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मला त्याआधीच्या कोतवालांबद्दल थोडं बोलायचं आहे. माथेरानला जन्मलेला हा माणूस वकील झाला आणि आपलं शिक्षण त्याने या भागातल्या कुळांसाठी, शेतकऱ्यांसाठी वापरलं. त्यांच्यासाठी धान्यकोठी काढली, मोठ्या माणसांना अक्षर शिकवलं. ज्याला कायदा वाचून दाखवणारं कुणी नसतं, त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, हे त्याचं काम होतं. कोतवालांच्या नावाच्या व्याख्यानमालेत मला बोलावलंत, तेव्हा वाडीपर्यंत अजून न पोचलेला एखादा कायदा घेऊनच यावं असं ठरवलं. परदेशी जाताना बरोबर औषधं कशी न्यायची, याचा हा कायदा आहे.

वाडीत हा विषय कशाला, असं आयोजकांपैकी एकाने मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तो विमानतळ आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. चौक-कर्जतच्या पट्ट्यातली मुलं फार्महाऊसवर, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात, खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत कामाला जातात. तिथेच कुणीतरी भेटतो आणि आखातातल्या हॉटेलातली, गोदामातली, बांधकामावरची नोकरी सांगतो. जिल्ह्याच्या दक्षिणेला, म्हसळा, श्रीवर्धन, महाडकडे आखाताची वाट जुनी आहे. तिकडे घरात एक काका, एक मामा जाऊन आलेला असतो. काय न्यायचं, काय नाही, हे तो बॅग भरतानाच सांगतो. वाडीतून जाणारा मुलगा मात्र घरातला पहिला असतो. त्याला सांगणारा काका नसतो. त्याच्याजवळ असतो तो एजंट, आणि एजंटाला मुलगा विमानात बसेपर्यंतचीच काळजी असते.

आणखी एक गोष्ट. दहावी न झालेल्या माणसाला नोकरीसाठी काही देशांत जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. असे 18 देश आहेत. सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, अमिरात हे सगळे त्यांत आहेत, मलेशिया आहे. म्हणजे नववीत शाळा सुटलेला आपला मुलगा बहुधा ज्या देशात जाईल, त्याच देशात औषधांवरचा कायदा फार कडक आहे. मंजुरीचे कागद करताना औषधांचं काय करायचं, हे कुणी त्याला समजावून सांगत नाही.

हे कायदे आले कुठून, ते आधी पाहू. नाहीतर ते नुसते त्रासदायक वाटतात.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, डॉक्टर व्हायला. त्याआधीच त्यांची प्रकृती ढासळली होती. सतत डोकं दुखायचं, ताप यायचा, दम लागायचा. अमेरिकेतल्या त्यांच्या स्नेही कार्पेंटरबाईंनी तिकडून त्यांच्यासाठी औषधं पाठवली. गुण आला नाही, पण औषधं पोचली. अशा औषधाला बंदरावर परवाना मागणारा कायदा तेव्हा नव्हता. त्याच काळात मुंबई बंदरातून माळव्याची अफू पेट्या भरभरून चीनला जात होती. मुंबईतली मोठमोठी घराणी त्या व्यापारावर उभी राहिली आणि चीनमधली लाखो घरं त्याच अफूने बसली. त्या विध्वंसानंतर जग एका टेबलाशी बसलं: 1909 ला शांघायमध्ये परिषद झाली, 23 जानेवारी 1912 ला हेगमध्ये अफूचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे 1961 आणि 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मोठे करार झाले. आज विमानतळावर तुमच्या गोळ्या उलटसुलट करून पाहणारा माणूस त्या करारांच्या आधाराने ते करत असतो. त्या इतिहासाचं एक टोक आपल्या मुंबई बंदरात आहे, हे लक्षात ठेवलं तर त्या माणसाचा राग येणार नाही.

यापलीकडे प्रत्येक देशाची स्वतःची यादी असते आणि तिच्यात त्या देशाने काय सोसलं ते दिसतं. महायुद्धात जपानमध्ये सैनिकांना, कामगारांना जागं ठेवायला मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. युद्ध संपलं, व्यसन राहिलं, आणि 1951 मध्ये त्यांनी उत्तेजक औषधांविरुद्ध कडक कायदा केला. म्हणून अमेरिकेत शाळकरी मुलाला लक्ष लागावं म्हणून डॉक्टर लिहून देतात त्या ॲम्फेटामिनच्या गोळ्या जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत. 2015 मध्ये टोयोटा कंपनीच्या एका फार वरच्या पदावरच्या अमेरिकन अधिकारीबाईंना टोकियोत अटक झाली. त्यांच्यासाठी अमेरिकेतून टपालाने आलेल्या पार्सलात ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या 57 गोळ्या होत्या. तीन आठवडे कोठडीत काढल्यावर खटला न भरता त्यांना सोडलं, पण नोकरी गेली. त्यांच्यामागे जगातली एक बलाढ्य कंपनी उभी होती. आपल्या मुलामागे कोण असतं?

इजिप्तचं दुखणं ट्रामाडॉलचं. कंबर दुखली, हाड मोडलं, ऑपरेशन झालं की आपल्याकडेही ही गोळी देतात. इजिप्तमध्ये तिचं व्यसन घरोघर शिरलं आणि सरकारने तिच्यावर कडक निर्बंध आणले. ऑक्टोबर 2017 मध्ये एक ब्रिटिश बाई तिकडच्या आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी 290 गोळ्या घेऊन हुरघाडाला उतरली. डिसेंबरमध्ये तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 2019 मध्ये माफी मिळून ती सुटली, तोवर वर्षाहून जास्त काळ तुरुंगात गेला होता. गोळ्या तिच्या नव्हत्या, तिच्या नावाची चिठ्ठी नव्हती. दुखणं मात्र खरं होतं आणि हेतूही वाईट नव्हता. कोर्टाने हेतू पाहिला नाही, गोळ्या मोजल्या.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. ट्रामाडॉल आंतरराष्ट्रीय करारांच्या यादीत नाही. भारताने एप्रिल 2018 मध्ये स्वतःहून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. त्याआधी ते आपल्याकडे साध्या चिठ्ठीवर मिळत होतं आणि अमिरातीत तेव्हाही त्यावर नियंत्रण होतं. असंच दुसरं औषध प्रेगाबालिन. मधुमेहाने पाय चुरचुरतात, मुंग्या येतात, तेव्हा माणसाला जी ‘नसांची गोळी’ देतात, तिच्यात पुष्कळदा हे असतं. आपल्याकडे शेकडो माणसं ती रोज घेतात आणि तिला शक्तीची गोळी समजतात. अमिरातीत ती नियंत्रित यादीत आहे आणि ब्रिटनने एप्रिल 2019 पासून तिच्यावर नियंत्रण आणलं. म्हणून ‘आमच्या डॉक्टरांनी दिली म्हणजे चालेल’ हा भरवसा ठेवता येत नाही. आपल्या डॉक्टरची सही आपल्या देशात चालते. दुसऱ्या देशात ती फक्त सांगते की हे औषध या माणसाने रीतसर घेतलं आहे. परवानगी त्या देशाची वेगळी घ्यावी लागते. अमिरातीत नियंत्रित औषधासाठी निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करायचा असतो, सौदीत त्यांच्या अन्न व औषध प्राधिकरणाची तशी सोय आहे, सिंगापूरचीही आहे. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ आहे. प्रवाशाने किती दिवसांचं औषध न्यावं, कोणता कागद लागेल, याचे देशोदेशीचे नियम ते आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. आश्रमशाळेतल्या कुठल्याही मुलीला फोनवर ते पाच मिनिटांत उघडता येईल.

1971 च्या करारातच प्रवाशाला एक दिलासा आहे. स्वतःच्या वापरापुरतं थोडं औषध बरोबर नेण्याची मोकळीक देश देऊ शकतात, मात्र ते औषध रीतसर मिळवलेलं आहे याची खात्री करून घेण्याचा त्यांना हक्क आहे. माझं सगळं म्हणणं या खात्रीभोवती आहे. खात्री द्यायची कशी? विमानतळावर उभं राहून तोंडी सांगून ती देता येत नाही. तो कागद इथे, कर्जतला, कशेळ्याला, चौकला तयार व्हावा लागतो. आणि आपल्याकडे औषध ज्या रीतीने हातात पडतं, त्या रीतीत असा कागद निघतच नाही.

सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत माझी नोकरी झाली. खिडकीच्या त्या चौकटीतून मी या तालुक्यातली माणसं पाहिली आहेत, म्हणून हे अधिकाराने बोलते. वाडीत औषध कसं येतं? खाजगी डॉक्टर स्वतः पुडी बांधून देतात: एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी पिवळी, सकाळ-संध्याकाळ. वाडीच्या माणसाला ते सोयीचं आहे. मेडिकल लांब, खिशात पैसे मोजके, पूर्ण स्ट्रिप परवडत नाही. डॉक्टरने आपल्या पेशंटला औषध देण्याची मोकळीक आपल्या कायद्यातही आहे. त्या पुडीवर माझा राग नाही. तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण पुडीवर औषधाचं नाव नसतं, माणसाचं नाव नसतं, तारीख नसते. मेडिकलमधून चार गोळ्या कापून घेतल्या तर नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदत दुसऱ्यावर. आमच्या खिडकीतूनही गोळ्या कापूनच जातात, कारण साठा सगळ्यांना पुरवायचा असतो. केसपेपरवर डॉक्टर लिहितात तेही घाईत, रांग दारापर्यंत असते. औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, स्वच्छ आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा वैद्यक परिषदेचा नियम 2016 पासून आहे. किती केसपेपरांवर तो पाळलेला दिसतो, ते तुम्हीच घरी जाऊन पाहा.

मूळ नावावर मी एवढा जोर का देते? आपण ज्याला क्रोसिन म्हणतो ते पॅरासिटामॉल, आणि अमेरिकेत त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. ब्रँडचं नाव सीमेपलीकडे कुणाला कळत नाही. कधी तेच नाव तिथे भलत्याच औषधाचं असतं. जनऔषधी केंद्रातल्या स्ट्रिपवर मूळ नाव ठळक छापलेलं असतं. बाहेर जाणाऱ्या माणसाने शेवटच्या दोन महिन्यांचं औषध तिथून, पूर्ण स्ट्रिपमध्ये, बिलासकट घ्यावं, असा माझा आग्रह आहे. स्वस्त पडतं आणि कागदही मिळतो.

माणसाच्या नावाची अडचण त्याहून मोठी. खिडकीत ‘चांगो’ म्हणून हाक मारली की चांगो येतो. आधारवर तो चांगदेव असतो, शाळेच्या दाखल्यावर चंद्रकांत, आणि पासपोर्ट दाखल्यावरून निघालेला. केसपेपर चांगोचा, पासपोर्ट चंद्रकांतचा. रियाधच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही दोन माणसं आहेत. मग चंद्रकांत दुसऱ्याचं औषध घेऊन आला, असा अर्थ निघतो. पासपोर्ट काढायचा विचार झाला त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन केसपेपरवरचं नाव पासपोर्टवर येणार असलेल्या नावाप्रमाणे करून घ्या. काम फुकट आहे आणि पाच मिनिटांचं आहे.

मग डॉक्टरांकडून एक पत्र घ्यायचं, इंग्रजीत. पासपोर्टवरचं नाव आणि पासपोर्टचा नंबर. आजार कोणता. औषधाचं मूळ नाव, एका गोळीत किती मिलिग्रॅम, दिवसाला किती गोळ्या, किती दिवसांसाठी, एकूण किती. शेवटी डॉक्टरांची सही, शिक्का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि तारीख. बस्स, इतकंच. ‘हा पेशंट माझ्या उपचाराखाली आहे’ एवढ्या एका ओळीचं पत्र मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्याचा उपयोग नाही, कारण त्यात गोळी कोणती आणि किती हेच नसतं. पत्रातली संख्या आणि बॅगेतली संख्या जुळली पाहिजे. साधारण महिनाभराचं नियंत्रित औषध आणि तीन महिन्यांपर्यंतचं साधं औषध, अशी मोकळीक पुष्कळ देशांत आहे, पण ज्या देशाला जायचं त्याचा आकडा पाहूनच गोळ्या मोजा. वर्षाचं औषध एकदम नेऊ नका. व्यापारासाठी आणलं, असा संशय तिथूनच सुरू होतो.

आता एका मुलाबद्दल सांगते. तो कुठल्या वाडीचा, हे सांगणार नाही, आणि कुणी अंदाज करू नये अशी विनंती आहे. लहानपणापासून त्याला आकडी येते. सरकारी दवाखान्यातून त्याला फेनोबार्बिटोनची गोळी मिळते. हे औषध शंभर वर्षांहून जुनं आहे, अगदी स्वस्त आहे, आणि गरीब देशांत आकडीसाठी जागतिक आरोग्य संघटना आजही ते सुचवते. त्या गोळीने तो मुलगा नीट आहे, कामाला जातो. त्याला आखातात हाउसकीपिंगची नोकरी आली. खिडकीत येऊन त्याने मला विचारलं, “मॅडम, ही गोळी तिकडं चालंल का?”

मंडळी, मला त्या मुलाचं फार कौतुक आहे. बाकीचे कुणी विचारत नाहीत, त्याने विचारलं. फेनोबार्बिटोन 1971 च्या कराराच्या यादीतच आहे, त्यामुळे जवळजवळ सगळीकडे त्याच्यावर नियंत्रण आहे. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, अल्प्राझोलाम, म्हणजे आकडीच्या काही आणि झोपेच्या, घबराटीच्या पुष्कळ गोळ्या त्याच यादीत आहेत. आणि एजंटाने त्याला काय सांगितलं होतं? आजार फॉर्मवर लिहू नको, स्ट्रिप फेकून दे, सुट्ट्या गोळ्या कपड्यांत गुंडाळून ने. या तीन वाक्यांहून घातक सल्ला मला माहीत नाही. स्ट्रिपमधली गोळी चिठ्ठीसह बॅगेत वर ठेवली तर ते औषध आहे. तीच गोळी सुटी, कपड्यात लपवलेली सापडली, तर ती तस्करी दिसते. आणि लपवलं का, याला उत्तर उरत नाही.

पण तुरुंगाच्याही आधी दुसरा धोका आहे, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. ही गोळी एकाएकी बंद झाली तर आकडी नुसती परत येत नाही. एकामागून एक, न थांबता येत राहू शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. समजा अधिकाऱ्यांनी मुलाला अटक केली नाही, दयाळूपणे नुसत्या गोळ्या काढून घेतल्या आणि जाऊ दिलं. दोन-चार दिवसांत तो अनोळखी देशात, कामगारांच्या खोलीत, आजार लपवून गेलेला, आकडीने जमिनीवर पडलेला असेल. सोबतच्या कुणाला काय झालं ते कळणार नाही. डॉक्टरला विचारल्यावर कुणी सांगू शकणार नाही की हा कोणती गोळी घेत होता. झोपेच्या गोळ्यांचंही असंच आहे. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम एका रात्रीत सुटली तर माणूस थरथरतो, झोपत नाही, त्यालाही आकडी येऊ शकते. म्हणून कायदा आणि प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी मानू नका. औषध बेकायदा ठरलं की ते हातातून जातं, आणि हातातून गेलं की शरीर कोसळतं.

त्या मुलाला मी दोन वाटा सांगितल्या. एक, याच गोळीसाठी त्या देशाची परवानगी आधी मागायची. दुसरी, डॉक्टरांना विचारायचं की नियंत्रणाखाली नसलेलं औषध त्याला चालेल का. लेव्हेटिरासिटाम हे तसं एक औषध आहे. मात्र बदल एका दिवसात होत नाही. नवं औषध चढवत न्यायचं, जुनं हळूहळू उतरवायचं, मधे आकडी येत नाही ना ते पाहायचं, यात आठवडे नाही तर महिने जातात. हे मनाने कधीही करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. तो मुंबईच्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून आला. त्याचा बदल सुरू आहे. एजंटाने दिलेली तारीख निघून गेली. आईने नाराजी दाखवली, पगाराचा आकडा मोठा होता. तो म्हणाला, पुढच्या वेळी जाईन. त्याच्या आईबापांना मी याच सभेत सांगते की पोराने बरोबर केलं.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण तिथेही एक धोका आहे आणि तो बायकांनी ऐकायला हवा. अनारशावर लावतो ती खसखस. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात घालतो ती. आपल्या रायगडच्या कित्येक घरांच्या मसाल्यातही ती असते. खसखस अफूच्या बोंडातून येते. अमिरातीत आणि सौदीत ती आणायला बंदी आहे. लेक बाळंत झाली म्हणून आई दुबईला निघते, प्रेमाने लाडू करते, आणि पिशवीत बंदी असलेला पदार्थ घेऊन उतरते. लाडू करा, खसखस वगळा. मसाला पाठवायचा तर त्यात काय आहे ते आधी आठवा.

आयुर्वेदिक औषधांबद्दल मला अधिक सावकाश बोलायला हवं, कारण आपला समज असा की झाडपाल्याला कायदा नसतो. जुलाबासाठी पूर्वापार दिलं जाणारं जातीफलादी चूर्ण घ्या. शास्त्रातल्या पाठात त्यात भांग आहे. ज्या देशात गांजाचा कण सापडला तरी खटला होतो, तिथे ते चूर्ण घेऊन उतरणं म्हणजे संकट ओढवून घेणं. कामिनी नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत अफूचा अंश असतो. ऑस्ट्रेलियात त्यांचं व्यसन लागलेली माणसं रुग्णालयात आली आणि तिथल्या आरोग्य खात्यांना जाहीर इशारे द्यावे लागले. दुसरी बाजू जड धातूंची. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली होती. 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक धोक्याच्या प्रमाणात निघालं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 औषधांच्या तपासणीतही सुमारे पाचव्या भागात हे धातू निघाले, मग ती भारतात बनलेली असोत की अमेरिकेत. मी आयुर्वेदाच्या विरुद्ध नाही. माझं म्हणणं एवढंच की भस्माच्या आणि रसाच्या, म्हणजे धातू घातलेल्या, गोळ्या साध्या काढ्यासारख्या निरुपद्रवी समजून परदेशातल्या गरोदर मुलीला पाठवू नका.

आणि आपलं रानातलं औषध. या वाडीतल्या जाणत्यांना कुड्याची साल, गुळवेल, हिरडा, शतावरी यांची जी ओळख आहे, ती माझ्या औषधखिडकीत मिळत नाही, हे मी मनापासून मानते. पण वाळलेली साल, मुळी, बी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिकेच्या सीमेवर शेतीच्या कायद्यात येते. रोग, कीड आत येऊ नये म्हणून प्रत्येक वनस्पती तिथे जाहीर करावी लागते. न सांगता सापडली तर जागेवर दंड. आखातात तर नाव नसलेली पूड म्हणजे आधी संशय आणि मग प्रयोगशाळा. निकाल येईपर्यंत माणूस कुठे असतो, याचा विचार करा. रानातलं औषध इथेच घ्या, इथेच बरं व्हा.

पार्सलाचं थोडक्यात सांगते, पण हे सगळ्यांत आधी लक्षात ठेवा. 2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने ठरवून दिलेल्या सहलीला कतारला गेलं. त्या नातेवाइकाने एक पाकीट बरोबर दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोच्या आसपास चरस निघाला. 10 वर्षांची शिक्षा झाली. ती बाई गरोदर होती, मूल तुरुंगात जन्मलं. त्यांना अंधारात ठेवून हे पाकीट दिलं गेलं, हे पुढे मान्य झालं आणि 2021 मध्ये दोघं निर्दोष सुटून परतली. हा चरसाचा मामला, औषधाचा नव्हे. पण ‘तिकडे आमच्या दादाला एवढ्या गोळ्या दे’ ही आपल्याकडची रोजची विनंती त्याच वाटेने जाते. गोळ्या खऱ्या असतील, दादा खरा असेल, तरी चिठ्ठी दादाची आणि पासपोर्ट तुमचा. नाही म्हणा. नातं तुटलं तरी चालेल.

प्रवासाच्या दिवशीचं फार नाही. औषधं हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नको, कारण मोठी बॅग हरवते. इन्सुलिन तर कधीच सामानात टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ औषध चिठ्ठीसह दाखवून नेता येतं. सुया आणि पेन यांचाही पत्रात उल्लेख असू द्या. उतरल्यावर मनात शंका असेल तर कस्टमच्या, म्हणजे सामान जाहीर करण्याच्या, लाल मार्गिकेने जा आणि स्वतःहून दाखवा. अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांनी शुगरच्या आणि आकडीच्या गोळ्यांची वेळ बदलत्या घड्याळाप्रमाणे कशी ठेवायची, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. सवयीने इकडची वेळ धरून बसू नये.

आणि एवढं करूनही कुणी अडवलं, अटक झाली, तर एक हक्क जगभर आहे. 1963 च्या व्हिएन्ना करारातलं 36 वं कलम सांगतं की परदेशी माणसाला पकडलं तर त्याने मागितल्यावर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवलं पाहिजे. मागावं लागतं, हे लक्षात घ्या. भाषा येत नसली तरी ‘इंडियन एम्बसी’ हे दोन शब्द पुरतात. समजत नसलेल्या कागदावर सही करू नका. पासपोर्टची, चिठ्ठीची, पत्राची एक प्रत घरी आईजवळ ठेवा, एक फोनमध्ये ठेवा. इकडून वकिलातीला काही पाठवायची वेळ आली, तर वाडीतल्या माणसाजवळ तोच एक पुरावा असेल.

माझ्या खात्यातल्या सहकाऱ्यांना आणि खाजगी डॉक्टरांनाही माझं मागणं आहे. जो पेशंट पासपोर्टचं नाव काढील, त्याला पूर्ण स्ट्रिप द्या, मूळ नावं मोठ्या अक्षरांत लिहा, पत्र द्या, त्याचे पैसे घेऊ नका. तुमची दहा मिनिटं जातील. आमच्या रांगेत ती दहा मिनिटं सापडत नाहीत, हे मला ठाऊक आहे, तरी मागते आहे.

सभा संपली की मी इथेच, शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून बसणार आहे. निरोप गेला होता, तसा बऱ्याच जणांनी घरून औषधं आणलेली दिसतात. पुड्या, कापलेल्या स्ट्रिपा, बाटल्या, केसपेपर, जे असेल ते घेऊन या. परदेशी कुणी जाणार असो वा नसो, कोणती गोळी काय आहे ते मी प्रत्येकाला एका कागदावर लिहून देईन. पुडीतल्या ज्या गोळीवर काहीच छापलेलं नाही, ती मलाही ओळखता येणार नाही. तिच्यासाठी उद्या डॉक्टरांकडे पुन्हा जावं लागेल. ज्यांना आकडी आहे त्यांनी आणि झोपेची गोळी घेणाऱ्यांनी आधी यावं.